रिकाम्या खाचेचे उत्तर

जुन्या वस्तूंवर जीव लावणाऱ्या माणसाला जग दोन तऱ्हांनी वागवते. वस्तू पितळेची असली तर त्याला रसिक म्हणते, आणि प्लास्टिकची असली तर चिक्कू. अडकित्ता किंवा शिसवी पेटी पुसणाऱ्याकडे पाहुणे कौतुकाने पाहतात. पण १९९६ सालचा लॅपटॉप पुसणाऱ्याची त्यांना कीव येते. माझे मामा या दुसऱ्या वर्गातले, आणि त्यांच्यामुळे मीही.

मामा पुरंदर तालुक्यात राहतात. मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे १९९८ पासून, ते आसपासच्या २१ विहिरींचे पाणी मोजत आले आहेत. वजन बांधलेली दोरी आत सोडायची, ती कोठवर भिजली ते पाहायचे आणि आकडा टिपून घ्यायचा. संध्याकाळी हे आकडे त्या लॅपटॉपमधल्या तक्त्यात भरायचे. त्यात मी फार पूर्वी लिनक्स बसवून दिले होते. बाजूच्या खाचेत पत्त्याच्या पानाएवढे एक नेटवर्क कार्ड असते. त्याला तार जोडली की रात्री तक्त्याची प्रत पुण्याला माझ्याकडे येते.

गेल्या वर्षी या व्यवस्थेला दृष्ट लागली. लिहिता लिहिता पडदा थिजायचा. यंत्र पुन्हा सुरू केले की ते पंधरा मिनिटे स्वतःची डिस्क तपासत बसायचे आणि शेवटी त्या दिवसाच्या नोंदी गेलेल्या असायच्या. चौथ्यांदा असे झाले तेव्हा मामा फोनवर म्हणाले, "पुरे झाले रे आता. विहिरींनाही माझा कंटाळा आला असेल."

नवा लॅपटॉप का घेऊन देत नाहीस, असे शहाणे स्नेही विचारतात. तो मी केव्हाच दिला आहे. तो कपाटात टॉवेलात गुंडाळून ठेवलेला असतो. मामांच्या बोटांना जुन्या कळा पाठ आहेत. पंच्याऐंशीव्या वर्षी बोटांना नवी शाळा कोण लावणार? यंत्र सुटले तर विहिरीही सुटणार, हे मला स्वच्छ दिसत होते. म्हणून एका शनिवारी मी गावी गेलो.

दुखणे ड्रायव्हरचे होते. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि बाकीचे यंत्र यांच्यामधला दुभाषा. कार्डाने हाक मारली की तो धावतो आणि विचारतो, काय झाले? पत्र आले का? केवढे आहे? कार्ड आकड्यांत उत्तर देते आणि दुभाषा मुकाट्याने तसे करतो. मी लॅपटॉपच्या मागच्या सिरियल पोर्टातून एक केबल माझ्या यंत्राला जोडली, म्हणजे त्याचे मरतेवेळचे शब्द तरी हाती लागावेत. मामांनी तर आधीच वही घातली होती. बंद पडण्याच्या नऊ वेळा, तारखा, आणि शेवटच्या रकान्यात मास्तरी अक्षरात : 'टेबल हलले'. नवांपैकी सात वेळा तसे होते.

रात्री मी मुद्दाम टेबलाला गुडघा लावला. यंत्र थिजले आणि माझ्या पडद्यावर आकडा उमटला : ६५५३५. आलेल्या पत्राची लांबी म्हणे एवढी! साध्या इथरनेटवरचे पत्र १५१८ बाइटांहून मोठे नसते. मग हे कोठून आले?

कोठूनच आले नव्हते. कार्डाच्या ६८ टाचण्यांची पकड झिजली होती. धक्का लागला की कार्ड क्षणभर सुटायचे. सुटता सुटता खोटी हाक जायची, आणि दुभाषा रिकाम्या खाचेला प्रश्न विचारत बसायचा. आता गंमत अशी, की या जुन्या यंत्रांतल्या तारा विजेने वर ओढून धरलेल्या असतात. खाली ओढणारे कोणी पलीकडे नसले की प्रत्येक तार 'एक' वाचली जाते, आणि सोळा तारांवरचे सोळा एक म्हणजे ६५५३५. आपल्याला वाटावे की रिकाम्या जागेने शून्य सांगावे. ती शून्य सांगत नाही, सगळ्याला होकार देते. पत्र आले? होय. चूक झाली? होय. जागा भरली? होय. बिचारा दुभाषा ते न आलेले पत्र कोठीत उतरवू लागतो, आणि ६५५३५ बाइटांच्या भरात शेजारचे सारे सामान तुडवून टाकतो.

आपणही याहून निराळे वागतो असे मला वाटत नाही. सभेत कोणी बोलले नाही की ठराव एकमताने संमत होतो. म्हातारी माणसे काही मागत नाहीत, म्हणून त्यांना काही नको असे धरून आपण चालतो.

दुरुस्ती चार ओळींची झाली. उत्तर ६५५३५ आले तर कार्ड जागेवर नाही असे समज आणि परत फिर. लांबी १५१८ च्या वर गेली तर पत्र टाकून दे. त्याच लिनक्समधल्या दुसऱ्या एका ड्रायव्हरात अशी तपासणी पूर्वीच कोणी करून ठेवली होती, आणि तिथल्या संदेशात त्याने त्या हाकेला मेलेल्या कार्डाची हाक म्हटले होते. टाचण्या आम्ही पुसल्या, पण पुसून पकड काही परत येत नाही. कार्ड पुढेही सुटणारच. ते सुटले आहे एवढे ओळखता आले की पुरे. दुसऱ्या दिवशी मी टेबल दहा वेळा हलवले. तार तुटायची, पुन्हा जुळायची, पण मामांचे टंकणे चालूच राहिले.

मामांना मी हे सारे समजावून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि तक्ता उघडून दाखवला. विहीर कोरडी असेल तिथे ० होते. जिथे जाणे झाले नाही तिथे आडवी रेघ. सत्तावीस वर्षांत त्यांनी या दोन खुणांची गल्लत केलेली नव्हती. या चैत्रात गुडघ्यांमुळे टेकडीपलीकडच्या दोन विहिरी राहिल्या. मी म्हटले, "शेजारच्या विहिरीवरून अंदाज काढता येईल की, मामा."

"येईल," ते म्हणाले, "पण तो माझा अंदाज झाला. विहीर कुठे काय बोलली?"

आणि त्यांनी दोन रेघा मारल्या.