मंडळाच्या उंबरठ्यापलीकडे

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे बेने इस्रायली ज्यू ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. मराठी हीच त्यांची भाषा. या समाजातील स्त्रियांचे ‘स्त्री मंडळ’ १९१३ साली मुंबईत स्थापन झाले. डॉ. जेरुशा झिराड यांचा त्यात सहभाग होता; परंतु त्यांची सेवा स्वसमाजापुरती मर्यादित राहिली नाही. कामा रुग्णालयाच्या प्रमुख असताना त्यांनी मुंबईत बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची कारणे शोधली. त्यांचा अहवाल १९४१ मध्ये प्रसिद्ध झाला. मातेचे मरण दैवाच्या माथी मारून समाज मोकळा होत असे. अशा वेळी ‘ती का गेली?’ असे विचारणे, हीच न्यायाची पहिली पायरी होय.