संन्यासी आणि संस्थान : नांदेड ते लातूर

पहिला दिवस : नांदेड

गुरू गोविंदसिंग यांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला आणि सचखंड गुरुद्वारामुळे गोदाकाठचे हे नगर देशभर तीर्थक्षेत्र म्हणून ओळखले गेले. अध्यात्म आणि लोककारण यांची सांगड घालणारे दुसरे नाव येथे १९९४ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाला आहे, ते स्वामी रामानंद तीर्थ यांचे. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे पूर्वाश्रमीचे, म्हणजे संन्यासापूर्वीचे, नाव. ३ ऑक्टोबर १९०३ रोजी विजापूर जिल्ह्यातील सिंदगी येथे त्यांचा जन्म झाला. १९२० मध्ये लोकमान्य टिळकांचे निधन झाले, तेव्हा शाळकरी वयाच्या खेडगीकरांनी आजन्म ब्रह्मचारी राहून देशसेवा करण्याचा संकल्प केला. पुढे मुंबईत कामगार नेते ना. म. जोशी यांच्यासोबत काम करताना त्यांना संघटनेची बांधणी जवळून पाहता आली. त्यामुळे व्रत आणि चळवळ या दोन्ही गोष्टी त्यांच्या आयुष्यात जवळजवळ एकाच वेळी आल्या, असे म्हणता येते.

दुसरा दिवस : उमरी

नांदेडहून मुदखेडमार्गे निजामाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर उमरी हे गाव लागते. ३० जानेवारी १९४८ रोजी निजामाच्या हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या मुक्तिलढ्यातील सशस्त्र कार्यकर्त्यांनी येथील बँक लुटली आणि तो पैसा लढ्यासाठी वापरला. रझाकार, म्हणजे मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन या पक्षाचे सशस्त्र स्वयंसेवक, त्या काळात गावोगावी दहशत माजवीत होते, आणि त्यांना तोंड देण्यासाठी संस्थानाच्या सीमेपलीकडे कार्यकर्त्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या होत्या. सत्याग्रहाने सुरू झालेल्या आणि स्वामी रामानंद तीर्थ या संन्याशाने नेतृत्व केलेल्या लढ्यात शस्त्रेही आली, हा पेच सोयीस्करपणे झाकता येत नाही. संन्याशाच्या राजकारणाचे मूल्यमापन करताना तो जमेस धरावाच लागतो.

तिसरा दिवस : लातूर आणि हिप्परगा

लोहा, अहमदपूर या मार्गाने लातूर गाठता येते. रझाकारांचा नेता कासीम रझवी याच शहरात वकिली करीत असे, तर लातूरच्या दक्षिणेस, आजच्या धाराशिव जिल्ह्यात, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा होती, म्हणजे सरकारी चौकटीबाहेर राहून स्वदेशी विचारांचे शिक्षण देणारी शाळा. खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते आणि १९३२ मध्ये स्वामी रामतीर्थांच्या परंपरेतील दीक्षा घेऊन ते रामानंद तीर्थ झाले. निजामाच्या राज्यात सभा भरविण्यासाठीसुद्धा परवानगी लागत असल्याने कार्यकर्ते घडविण्याची जागा शाळाच ठरली, आणि घरदार, मालमत्ता यांपासून मुक्त असलेल्या शिक्षकाला लोकांचा विश्वास सहज लाभला. त्यांनी भगवी वस्त्रे धारण केली ती अरण्यवासासाठी नव्हे, हे लवकरच दिसून आले : १९३५ मध्ये ते अंबाजोगाईच्या शाळेत गेले आणि १९३८ च्या ऑक्टोबरमध्ये बंदी घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात त्यांना अटक झाली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात विलीन झाल्यानंतरही त्यांनी मठ उभारला नाही; १९५२ आणि १९५७ मध्ये ते लोकसभेवर निवडून आले, आणि २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. पुढील लेखांकात अंबाजोगाईचा मुक्काम येईल.