मुक्तीची वाट

ज्या गोष्टीची आज आम्हांस लाज वाटते, तीच आधी सांगून टाकलेली बरी. पुढचे सारे तिच्यातूनच निघाले आहे.

आम्ही पदवी घेऊन नुकतेच शिक्षकाच्या पेशात शिरलो होतो आणि वसतिगृहाची देखरेखही आमच्याकडे आली होती, त्या पहिल्या वर्षाची ही हकीकत. सकाळच्या प्रार्थनेनंतर मुलांस चार शब्द सांगण्याची पाळी आमच्यावर आली. विषय आम्ही चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांताचा घेतला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला तो वाटसरू, त्यास पाहून न पाहिल्यासारखे करून निघून गेलेले याजक व लेवी, आणि त्याच्या जखमा बांधून त्यास आपल्या जनावरावर घालून नेणारा तो परका मनुष्य, हे चित्र आम्ही मोठ्या आवेशाने रंगविले. येथेच थांबलो असतो तर बरे होते. परंतु वाहवा मिळविण्याच्या लोभाने म्हणा की निव्वळ अज्ञानाने म्हणा, शेवटी आम्ही असेही बोलून गेलो की, हिंदू साधकाची दृष्टी आपल्या एकट्याच्या मोक्षावर खिळलेली असते. तो डोळे मिटून बसतो. शेजारी कण्हणारा मनुष्य त्याच्या लेखी माया होय. समोर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुले हिंदू घरांतली. ती मुकाट्याने ऐकत होती. हे ज्ञान आम्हांस कोठून झाले होते? एका विदेशी ग्रंथकाराच्या पुस्तकातून, विद्यार्थिदशेत, परीक्षेपुरते. मूळ ग्रंथ एकही उघडून पाहिलेला नव्हता.

भाद्रपद लागला आणि वसतिगृहात तापाची साथ आली. सात-आठ मुले एकदम अंथरुणास खिळली. पालकांस निरोप गेले. मुक्ताईनगरच्या बाजूच्या एका खेड्यातील शेतकरी दुसऱ्याच दिवशी येऊन दाखल झाले. डोक्यास टोपी, गळ्यात तुळशीची माळ, वहाणांस वावरातला चिखल तसाच. ते मुलाच्या खाटेशी जे बसले ते तीन दिवस तेथून हलले नाहीत. चौथ्या दिवशी मुलाचा ताप उतरला. आता हे गृहस्थ घरी जातील असे आम्ही समजलो. कारण कपाशीत तण माजले आहे व मजूर मिळत नाहीत, हे त्यांच्याच तोंडून ऐकले होते. पण ते गेले नाहीत. शेजारच्या खाटेवर सातपुड्यातील एका पाड्यावरचा पावरा मुलगा होता. त्याच्या घरी निरोप पोहोचण्यास विलंब लागला होता. आता ते त्याच्या उशाशी बसू लागले. रात्री त्या मुलास उलटी होई, ती ते आपल्या हातांनी काढीत, त्याचे अंग पुसून देत, भाताची पेज करून घोट घोट पाजीत. आणि वसतिगृहाचे पदवीधर अधीक्षक त्या वेळी काय करीत होते? ते दाराशी उभे राहून, नाकास रुमाल लावून, शिपायास हाका मारीत होते.

एका रात्री आम्ही त्यांस म्हटले, "भाऊ, आपला मुलगा बरा झाला. आता आपण निघालात तरी चालेल. शेत खोळंबले असेल."

"शेत कुठं पळून जातं, सर?" ते म्हणाले. "हे पोरगं रात्री आई आई करतं. कोणी ओ द्यायला नको?"

आम्ही विचारले, "हे पुण्य पदरी पडावे म्हणून करता काय?" प्रश्न विचारताना त्यात थोडी परीक्षा पाहण्याची बुद्धी होती, हे कबूल केले पाहिजे.

ते हसले. "पुण्याचा हिशेब मला येत नाही, सर. मी अडाणी माणूस. पण आमच्या मुक्ताईची गोष्ट तुम्हांला ठाऊक असेल. लोक टाकून बोलले म्हणून ज्ञानोबा रुसले, ताटी लावून आत बसले. एवढीशी बहीण दाराशी येऊन बसली आणि त्यांना समजावू लागली, की दादा, लोकांचं बोलणं संतानं सोसायचं असतं, बाहेर ये. तिचं नाव मुक्ता, सर. मुक्ताच जर दाराबाहेर बसली आहे, तर आत बसून कोणती मुक्ती मिळायची?"

आम्ही काहीच बोललो नाही. तापी-पूर्णेच्या त्या परिसरात, मेहूणजवळ, शके १२१९ म्हणजे सन १२९७ मध्ये मुक्ताबाई गुप्त झाल्या अशी परंपरा आहे. तेथून त्यांची पालखी दर ज्येष्ठात पंढरपुरास निघते आणि हे गृहस्थ तिच्याबरोबर वर्षानुवर्षे पायी जाणारे. आम्हांस पालखी ठाऊक होती. तिच्याबरोबर चालणारी माणसे ठाऊक नव्हती.

आठव्या दिवशी पाड्यावरून मुलाची आई आली, तेव्हा ते गावी परतले. त्यांचा मुलगा त्यांस फाटकापर्यंत पोहोचवून आला आणि आमच्यापाशी घुटमळत म्हणाला, "सर, त्या दिवशीचं तुमचं प्रार्थनेनंतरचं भाषण मी बाबांना आल्याबरोबरच सांगितलं होतं."

म्हणजे ते सारे जाणून होते, आणि त्याबद्दल एक अक्षरही त्यांनी उच्चारले नव्हते.

त्यानंतर आम्ही वाचू लागलो. पश्चात्तापाने वाचणारा मनुष्य जरा अधिक लक्षपूर्वक वाचतो. भागवताच्या नवव्या स्कंधात रंतिदेव राजाची कथा सापडली. अठ्ठेचाळीस दिवस त्यास अन्नपाणी मिळाले नाही. एकूणपन्नासाव्या दिवशी थोडे अन्न समोर आले, तोच अतिथी आला. मग दुसरा आला. मग कुत्रे बरोबर घेतलेला तिसरा आला. अन्न संपले, एकाच्या पुरते पाणी तेवढे उरले, तोच लोक ज्यास अस्पृश्य मानीत असा एक तहानेला मनुष्य आला, आणि राजाने ते पाणीही त्यास देऊन टाकले. त्या वेळी त्याने देवापाशी जे मागणे केले ते वाचून आम्ही पुस्तक खाली ठेवले. सिद्धी नकोत, जन्ममरणातून सुटकाही नको. सर्व प्राण्यांच्या अंतरी राहून त्यांचे दुःख मला भोगू दे, म्हणजे ते दुःखमुक्त होतील, असा त्याचा आशय आहे. ज्या मोक्षाला आम्ही स्वार्थी म्हटले होते, तोच मोक्ष हा राजा तहानेल्या मनुष्यापायी नाकारीत होता. त्याच ग्रंथाच्या सातव्या स्कंधात प्रल्हाद नृसिंहास सांगतो की, मुनी एकांतात आपापली मुक्ती साधतात, परंतु या दीनांस सोडून मला एकट्यास मुक्त व्हावयाचे नाही. महाभारताच्या अखेरीस युधिष्ठिरासही नरकाच्या दाराशी हाच प्रसंग येतो. आपण जवळ असल्याने आतील पीडितांस थोडा विसावा मिळतो असे कळताच तो तेथून निघण्यास नाकारतो.

आणि मग आम्हांस आमचेच शास्त्र नव्याने आठवले. सोन्याचे वासरू करून लोकांनी पाप केले, तेव्हा मोशे देवाशी वाद घालतो की, यांस क्षमा करावयाची नसेल तर तुझ्या पुस्तकातून माझेही नाव पुसून टाक. रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पौल आपल्या बांधवांसाठी स्वतः ख्रिस्तापासून तुटण्यासही सिद्ध होतो. ही वचने आम्ही लहानपणापासून ऐकलेली. प्रल्हादाशेजारी ठेवून ती कधी वाचली नव्हती इतकेच. दोन्ही धर्मांचे सिद्धांत एकच आहेत असे आमचे म्हणणे नाही. कर्म, पुनर्जन्म, कृपा, तारण यांविषयी मोठे भेद आहेत, आणि ते झाकून गोडगोड बोलणे आम्हांस आवडत नाही. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे म्हणत असे, ते काही उगाच नव्हे.

पुढे काही कामानिमित्त आम्हांस अमळनेरास जाण्याचा योग आला. बोरी नदीच्या पात्रातील सखाराम महाराजांची समाधी पाहिली. पण मनात होते ते दुसरेच. या गावात श्रीमंत प्रताप शेटजींनी १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले. अद्वैत वेदान्ताचा शास्त्रशुद्ध अभ्यास व्हावा हा हेतू. त्या अभ्यासासाठी कोकणातील पालगडचे पांडुरंग सदाशिव साने नावाचे तरुण तेथे आले. ते तेथे फार काळ रमले नाहीत. १९२४ साली ते गावातल्याच हायस्कुलात शिक्षक झाले, आणि पुढे छात्रालयाचा भार त्यांच्यावर आला. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांनी टाकून दिलेले कपडे धुणे, अंथरुणे आवरणे, आजाऱ्यांची शुश्रूषा करणे, ही कामे ते मुलांस न सांगता स्वतः करीत. मुलांसाठी एक हस्तलिखित दैनिकही लिहून काढीत. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहासाठी नोकरी सोडीपर्यंत सहा वर्षे हा क्रम चालला. अद्वैत पुस्तकात शिकावयास आलेला मनुष्य ते छात्रालयाच्या केरसुणीने शिकला, असे आम्हांस राहून राहून वाटते. आम्हीही छात्रालयाचे अधीक्षकच. तेव्हा हे वाचताना रुमालाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

धुळ्यास आमचे आप्त असल्यामुळे आमचे जाणे वरचेवर होते. तेथील कारागृहाचा लौकिक पालकांपैकी पुष्कळांस ठाऊक असेल, मुलांसाठी सांगतो. १९३२ साली विनोबा भावे तेथे बंदी होते. २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी एक, अशी गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने त्यांनी सोबतच्या बंदिवानांपुढे केली. ती टिपून घेण्याचे काम केले साने गुरुजींनी. आज भारतातील अनेक भाषांत वाचली जाणारी 'गीता प्रवचने' ती हीच; वक्ता बंदी, लेखक बंदी, श्रोतेही बंदी. मुक्तीवरचा ग्रंथ तुरुंगात व्हावा यात आमच्या मते मोठे औचित्य आहे. विनोबांच्या 'गीताई'ची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी धुळ्यासच छापून निघाली.

या प्रवचनांत आमच्या मनातील एका जुन्या शंकेचा उलगडा झाला. शंका अशी, की मोक्ष मिळावा म्हणून जर कोणी दुःखिताची सेवा करील, तर तो दुःखित बिचारा त्याच्या स्वर्गाच्या शिडीची पायरीच ठरणार! (ही शंका आम्हां ख्रिस्ती सेवकांनाही लागू आहे, आपल्या संस्थेच्या अहवालात आकडा वाढावा म्हणून केलेली सेवा त्याच जातीची.) विनोबा म्हणतात ते थोडक्यात असे: बाहेरचे कर्म आणि त्याच्याशी मनाचा आतून जुळलेला ओलावा, ही दोन्ही मिळाली म्हणजे कर्माचा भार उरत नाही, ते केल्याचे करणाऱ्यास वाटतच नाही. पुण्याचा हिशेब मला येत नाही, हे वाक्य आम्ही त्याआधी एकदा ऐकलेले होते. गीताही बाराव्या अध्यायात भक्ताची लक्षणे सांगताना आरंभ ध्यानापासून करीत नाही, तर कोणाचा द्वेष न करणे, मैत्री आणि करुणा यांपासून करते.

आता दुसरी बाजू न सांगितली तर आमचे पहिले भाषण जसे एकांगी होते तसे हेही होईल. ज्या समाजात रंतिदेवाची कथा हजार वर्षे वाचली जात होती, त्याच समाजात तहानेल्यास पाणवठ्यावर येऊ देत नसत. 'ज्याचे त्याचे प्रारब्ध' एवढे म्हणून दुःखिताकडे पाठ फिरविणारेही कमी नव्हते आणि आजही नाहीत. स्वतः साने गुरुजींस मे १९४७ मध्ये, पंढरीच्या विठ्ठलाचे दार हरिजनांस उघडावे म्हणून, दहा दिवस उपोषण करावे लागले तेव्हा ते दार उघडले. इतक्या शतकांनंतर पुन्हा कोणास तरी दाराशी बसावे लागलेच. आणि आम्हां ख्रिस्ती लोकांनी या गोष्टीवर बोट ठेवण्यापूर्वी आठवावे की, दृष्टांतातील याजक व लेवी हे देवाच्या घरचेच लोक होते. मंडळीत येतानाही कित्येक कुटुंबे आपली जात पायताणाबरोबर बाहेर काढून ठेवीत नाहीत, ती आत घेऊन येतात.

ते पहिले भाषण आम्ही परत घेतले. पण त्यास पाच वर्षे लागली. मनुष्यास चूक कळणे आणि ती चारचौघांत कबूल करणे यांत फार अंतर आहे. त्याच प्रार्थनेनंतर, त्याच जागी उभे राहून आम्ही रंतिदेवाची व मुक्ताईची गोष्ट सांगितली, आणि पूर्वी आपण असत्य बोललो होतो हेही सांगितले. ऐकणारी मुले नवी होती. त्यांस त्यातले पहिले काहीच ठाऊक नव्हते. ज्यांनी ते ऐकले होते ती शाळा सोडून गेली होती. मुक्ताईनगरकडच्या त्या मुलास आम्ही पत्र पाठविले. तो तेव्हा बापाबरोबर शेती पाहू लागला होता. त्याचे उत्तर आले, ते कपाशीच्या भावाविषयी आणि वडिलांच्या गुडघेदुखीविषयी होते; भाषणाचा त्यात उल्लेखच नव्हता. शेवटी एक ओळ होती: बाबा विचारतात, तो पावऱ्याचा पोऱ्या आता कसा आहे?

तो मुलगा आता शिरपूर तालुक्यात एका शाळेत शिक्षक आहे. हे आम्ही त्यांस कळविले.

वसतिगृहाच्या आजाऱ्यांच्या खोलीत अलीकडे एक खाट अधिक टाकलेली असते, ती आमची. साथीच्या दिवसांत आम्ही तेथेच निजतो. उलटीचा वास अजूनही सोसत नाही, हे खरे. पण रुमाल आता खुंटीवर असतो.