हॅलो लोर्ना : मौनानंतरचा स्वर

१/ पनवेलहून दक्षिणेकडे निघणारा महामार्ग मुंबईला गोव्याशी जोडतो. या दोन प्रदेशांमधला आणखी एक जुना दुवा मात्र संगीताचा आहे. त्या दुव्यातील एका आवाजाची आणि १९९५ सालच्या एका अल्बमची ही कथा. गायिका : लोर्ना कोर्देरो.

२/ पोर्तुगीज राजवटीत गोव्यातील चर्चच्या शाळांत मुले स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. पुढे पोटासाठी ती मुंबईस येत. हॉटेलांतील बँड आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांच्यावर उभे राहिले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही त्यांतलीच नावे.

३/ याच परंपरेतील मडगावचे ट्रंपेटवादक ख्रिस पेरी यांनी जॅझ आणि लॅटिन ताल कोंकणी शब्दांत मिसळले. तरुण लोर्ना त्यांचा आवाज झाली. ‘बेब्दो’ म्हणजे दारुडा, ‘पिसो’ म्हणजे वेडा. चित्रपटसंगीतात स्त्रीचा नाजूक, उंच स्वर आदर्श मानला जात होता. त्या काळात लोर्ना मोकळ्या गळ्याने, ब्लूज गायिकांच्या धिटाईने गात होती.

४/ सत्तरच्या दशकात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि लोर्ना गाण्यापासून दूर गेली. हे मौन दोन दशकांहून अधिक टिकले. तबकड्या तेवढ्या वाजत राहिल्या.

५/ दरम्यान इतिहास थांबला नव्हता. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने कोंकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये देवनागरीतील कोंकणी गोव्याची राजभाषा झाली, त्याच वर्षी गोवा राज्य झाले. १९९२ मध्ये कोंकणीचा आठव्या अनुसूचीत समावेश झाला. रोमी लिपीचा वाद मात्र शिल्लक राहिला.

६/ १९९५ मध्ये संगीतकार रॉनी मोंसोरात यांच्यासोबत ‘हॅलो लोर्ना’ आला. गायिका पन्नाशीच्या उंबरठ्यावर होती. अमेरिकेतील अल्बर्टा हंटर दोन दशके परिचारिकेचे काम करून १९७७ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, ब्लूजकडे परतल्या होत्या. अशा पुनरागमनात विशीतला गळा परत मिळत नसतो. ऐकणाऱ्याला मिळतो तो मधल्या वर्षांचा भार वाहणारा आवाज.

७/ लोर्ना गायची थांबली तेव्हा कोंकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, हा वाद धगधगत होता. ती परतली तेव्हा कोंकणीला राज्यघटनेत स्थान मिळाले होते. कायद्याला लिपी ठरवावी लागली, गाण्याला ती लागली नाही. ज्यांना कोंकणी वाचता येत नव्हती, त्यांच्याही ओठांवर ‘बेब्दो’ होते.

८/ बार्द्रॉय बार्रेटो यांच्या ‘नाचोंया कुंपासार’ या चित्रपटाने पुढे ही गाणी नव्या पिढीपर्यंत नेली. त्याला सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. भाषेचा इतिहास लिहिताना आपण ठराव, अधिनियम आणि अहवाल चाळतो. त्या कागदांशेजारी एक ध्वनिफीतही ठेवायला हवी. भाषा जिवंत असल्याचा पुरावा तिच्यातही असतो.