हातउसने

मराठीत 'हातउसने' असा एक सुरेख शब्द आहे. ह्या हाताने द्यावे, त्या हाताने परत यावे. मध्ये ना कागद, ना साक्षीदार, ना व्याज. आमच्या वाडीतील कितीतरी घरांची कौले, विहिरींवरचे पंप आणि मुलींची लग्ने ह्या एका शब्दाच्या आधारावर पार पडली आहेत. मात्र देणारा गेला म्हणजे तो शब्द पोरका होतो.

1988 साली माझ्या वडिलांनी धाकट्या काकांना घराच्या छपरासाठी 40,000 रुपये दिले. 1993 साली वडील वारले. पुढे आईने गरजेपोटी विषय काढला, तेव्हा काकांचा मुलगा म्हणाला, "भावाने भावाला केलेली ती मदत होती." दोन्ही घरांचे येणेजाणे थांबले. एकाच मिस्साला आम्ही वेगवेगळ्या बाकांवर बसू लागलो.

धर्मग्रामातील एका वकिलांनी आईला कायदा समजावून दिला. नात्यातले आहे म्हणून कर्ज हे कर्ज राहत नाही, असे नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्यानुसार तोंडी करारही बंधनकारक ठरू शकतो. मात्र देताना उभयतांच्या मनात परतफेड होती, हे मागणाऱ्याला सिद्ध करावे लागते. देणगी परत मागता येत नाही. शिवाय 1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे, हातउसन्या रकमेसाठी साधारणतः पैसे दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावावा लागतो. त्या अवधीत ऋणकोने सहीनिशी लेखी कबुली दिली, तर तीन वर्षे नव्याने मोजली जातात. आमची मुदत वडील हयात असतानाच, 1991 साली संपली होती.

तथापि करार कायद्याचे 25 वे कलम आणखी एक गोष्ट सांगते. मुदत टळलेले ऋण फेडण्याचे वचन ऋणकोने स्वतःच्या सहीने लिहून दिले, तर ते न्यायालयात टिकते. कायदा दार लावून घेतो, पण कडी आतल्या माणसाच्या हाती ठेवतो.

हे काकांच्या कानी गेले. एका रविवारी ते आमच्या ओटीवर आले आणि त्यांनी वहीचा कागद मागितला. "वहिनी, कायद्याने मी सुटलो म्हणतात, पण दादापासून कसा सुटणार?" एवढेच बोलून त्यांनी रक्कम लिहिली, खाली सही केली. केळी आणि भाजी विकून पाच वर्षांत त्यांनी पै न् पै फेडली.

आपल्या बायबलमधील तोबित हा मोठा दानशूर पुरुष. त्यानेही मेदिया देशी गाबाएलकडे चांदी ठेवताना करारपत्र केले, त्याचे दोन भाग करून एकेक दोघांनी ठेवला. वीस वर्षांनी तो कागद दाखवताच मोहोरबंद थैल्या मोजून परत मिळाल्या. कागदामुळे त्यांच्यातील विश्वास उणावला नाही.

म्हणून आप्तांना कर्ज देताना रक्कम, तारीख, परतीची मुदत आणि दोघांच्या सह्या एवढे तरी लिहून ठेवावे. पैसे बँकेतून द्यावेत. 20,000 रुपये वा त्याहून अधिक कर्ज रोखीने घेण्यास आयकर कायद्याची सामान्यतः मनाईच आहे. आणि दान द्यायचे असेल, तर तेही स्पष्ट सांगून द्यावे. दान की कर्ज, हा निवाडा आपल्या मुलांवर सोपवून जाऊ नये.