पांढरी मोटार

माझ्या मोटारीला रूप नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. पत्र्याच्या डब्याला चाके लावावीत तशी ती दिसते. पण डब्याचे गुणही तिच्यात पुरेपूर आहेत. तांदळाचे पोते, गणपतीची आरास, माहेरपण आटोपून सामानासह निघालेली बहीण, सारे ती पोटात घेते. मुख्य म्हणजे तिची बैठक उंच आहे. आमची आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिला आत शिरताना वाकावे लागत नाही की चढावे लागत नाही. ओट्यावर टेकावे तशी ती टेकते आणि मग सावकाश पाय आत घेते. ज्याने कोणी ही मोटार आखली, त्याच्या डोळ्यांपुढे एखादी म्हातारी असली पाहिजे.

पूर्वी मोटारींना चेहरे असत. कुर्ल्याची पद्मिनी काय, उत्तरपाड्याची अँबॅसडर काय, गल्लीच्या तोंडाशी दिसली तरी ओळख पटे. अँबॅसडर २०१४ साली बंद झाली; २०२३च्या ऑक्टोबरात काळी-पिवळी पद्मिनीही मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. आताच्या मोटारी वाऱ्याच्या बोगद्यात घालून घोटतात. वारा सगळ्यांना सारखाच अडवतो, म्हणून सगळ्यांच्या पाठी सारख्याच उतरत्या. त्यातून रंग पांढरा. उन्हात कमी तापतो म्हणे! मीही पांढरीच घेतली.

गेल्या महिन्यात त्याच मोटारीतून आईला गुडघ्यासाठी दवाखान्यात नेले. आमचा नंबर एक्केचाळीस. दोन तास बाकावर काढल्यावर आत गेलो. "काय होतंय, आजी?" "गुडघा दुखतो. आणि पायाला हल्ली..." तोवर चिठ्ठी लिहूनही झाली होती. बाहेर पुढच्या नंबराचा पुकारा झाला.

२०१७ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने ६७ देशांतला हा हिशेब छापला होता. एका रोग्याला स्वीडनमधला डॉक्टर सरासरी साडेबावीस मिनिटे देतो, बांगलादेशातला ४८ सेकंद. आपण दोन मिनिटांच्या आसपास. डॉक्टरांना नावे ठेवायला जीभ वळवळते खरी. पण बाहेर बाकांवर पन्नास माणसे दाटीने बसली होती. आणि खरे सांगायचे तर घाई मलाही होती. मोटार जिथे लावू नये तिथे लावली होती. दोन मिनिटांत सुटलो याचा मला आनंदच झाला.

खाली आलो तर आई भलत्याच मोटारीचे दार ओढीत उभी.

"अगं, ती आपली नव्हे."

"मग आपली कुठली? सगळ्या मेल्या सारख्याच!"

मला हसू आले. आपल्या मोटारीत ती टेकली, पाय आत घेऊ लागली, तेव्हा डावा पाय अनवाणी दिसला.

"आई, चप्पल कुठे?"

तिने वाकून पाहिले. "पडली वाटतं."

"तुला कळलं नाही?"

"हल्ली कळत नाही रे. तेच त्यांना सांगत होते."

तिला वीस वर्षांचा मधुमेह आहे.

चप्पल जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर सापडली. तिच्या पायात घालताना मी तळव्यावर बोट टेकवले आणि विचारले, कुठे लागतेय. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.

मोटार तिथेच ठेवून आम्ही पुन्हा जिना चढलो. या खेपेचा नंबर होता त्र्याऐंशी.