नजर रस्त्यावर, ध्यान कुठे?

हल्ली काही गाड्यांत वेगाचा आकडा समोरच्या काचेजवळ उजळलेला दिसतो. मारुतीने 2022 च्या बलेनोच्या महागड्या प्रकारात ही सोय दिली आणि मध्यमवर्गीय घरांतही तिची चर्चा सुरू झाली. ज्यांच्या गाडीत ती नाही त्यांच्यासाठी बाजारात छोटी यंत्रे मिळतात. डॅशबोर्डवर चिकटवा, वायर जोडा, झाले! नाव हेड-अप डिस्प्ले. आमच्या भाच्याने असेच एक यंत्र घरच्या जुन्या गाडीत बसवले.

यंत्राची बाजू आधी मांडतो. ताशी 80 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात 22 मीटर अंतर कापते. मीटर बघायला नजर खाली गेली की तेवढा रस्ता न बघताच मागे पडतो. आकडा समोर असला तर नजर खाली न्यावी लागत नाही. लढाऊ विमानांतली ही कल्पना 1988 मध्ये जनरल मोटर्सने मोटारीत आणली, ती याच हेतूने.

काही यंत्रे स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटमधून गाडीचाच वेग घेतात, काही जीपीएसवर चालतात. आमचे जीपीएसवाले. त्याचा आकडा गाडीच्या मीटरपेक्षा थोडा कमी येई. त्यात बिघाड नव्हता. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, म्हणून ते थोडे वरचेच दाखवतात.

मागच्या सुट्टीत आम्ही मुंब्र्याहून खेडला निघालो. गाडी भाचा चालवत होता, अम्मी मागे बसल्या होत्या. कशेडीच्या बोगद्यात शिरताच उपग्रहाचा संपर्क तुटला आणि आकडा गेला. बाहेर आलो तेव्हा मगरिब होऊन गेली होती. आकडा परत यायला काही क्षण लागतात, आणि भाचा त्याचीच वाट बघत होता. तेवढ्यात मागून अम्मी म्हणाल्या, "बेटा, पुढे काहीतरी आहे." मागचा दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली होती. ब्रेक वेळेवर लागला, अल्लाहचे शुक्र. भाचा म्हणाला, "पण मी तर समोरच बघत होतो!" ते खोटे नव्हते.

नासाने 1980 च्या सुमारास सिम्युलेटरमध्ये वैमानिकांवर असा प्रयोग केला होता. काचेवरचे आकडे वाचत विमान उतरवताना धावपट्टीवर उभे असलेले दुसरे विमान काहींना दिसलेच नाही. नजर त्याच दिशेला होती, ध्यान आकड्यांत होते.

शिवाय एक गोष्ट शाळेतल्या प्रकाशाच्या धड्यातली. सपाट आरशात वस्तू जितकी पुढे, प्रतिमा तितकीच मागे. डॅशबोर्डवरच्या यंत्राचा आकडा काचेपलीकडे थोड्याच अंतरावर, बॉनेटवर तरंगताना दिसतो. दूरच्या ट्रकवरून त्या आकड्यावर येताना डोळ्याला पुन्हा जुळवून घ्यावेच लागते. महागड्या गाड्यांत आरशांची खास रचना करून प्रतिमा बरीच पुढे नेतात. स्वस्त यंत्रात ते होत नाही.

नमाजमध्ये नजर सज्द्याच्या जागेवर असते, पण दिल दुकानाच्या हिशेबात अडकले तर खुशू कुठे राहिला? गाडीचेही तसेच आहे. मान वर ठेवायचे काम यंत्र करील, दिल हजर ठेवायचे काम चालवणाऱ्याचेच.

घरी परतल्यावर आम्ही सगळे बसलो. यंत्र काढून टाकावे असे काहींचे मत होते. शेवटी ठेवले, पण काही गोष्टी ठरवून. पडद्यावर फक्त वेग राहील. फोन, मेसेज आणि बाकीचे सारे बंद. रात्री प्रकाश अगदी मंद. उन्हात गोंद सुटून यंत्र ब्रेकच्या पायाखाली जाऊ नये, म्हणून निघण्याआधी ते पक्के बसले आहे का बघायचे. आकडा गेला तर जाऊ द्यायचा, त्याची वाट बघायची नाही. नकाशा बघायचा तो शेजारी बसलेल्याने. आणि मागून कुणी, विशेषतः बुजुर्गांनी, काही सांगितले तर आधी वेग कमी करायचा, बोलणे नंतर.

सफरची दुआ पढून आपण गाडीत बसतो, तेव्हा मागे बसलेली माणसे आणि रस्त्याने चालणारी अनोळखी माणसेही आपल्याकडे अमानत असतात. या अमानतीचा जवाब चालवणाऱ्यालाच द्यायचा आहे, काचेवरच्या आकड्याला नाही.